आखाजीच्या मुहूर्ताआधी काचेला वाट द्या : खान्देशातल्या बिल्डर, शोरूम मालक आणि आर्किटेक्ट मंडळींना खुलं पत्र

राम राम मंडळी,

मी जळगावचा, ॲल्युमिनियम सेक्शन आणि काचकाम करणारा माणूस. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या साईटवर माझी पोरं येऊन गेलीयेत, कोणाच्या बंगल्याला स्लायडिंग, कोणाच्या सोन्याच्या दुकानाला पुढची मोठी काच, कोणाच्या दवाखान्यात केबिन. नाव लिहीत नाही, एक तर हे एकट्या माणसाचं रडगाणं नाही आणि दुसरं म्हणजे दोन-तीन ठिकाणी पेमेंट अजून अडकलंय. विषय एवढाच की काच येते तेव्हा तुमची साईट काचेसाठी तयार नसते, आणि त्याचा सगळा भार काच उचलणाऱ्या पोरांवर येतो.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की फोन सुरू होतात. भाऊ मुहूर्त निघालाय, पुढची काच लागलीच पाहिजे, आमदार साहेब येणारेत. आता फरशीवाला पंधरा दिवस लेट, पीओपीवाला आठ दिवस लेट, लाईटवाल्याच्या वायरी अजून छतातून लोंबताहेत, आणि सगळ्यांचा उशीर शेवटी काचवाल्याच्या दोन रात्रींत भरून काढायचा कारण काच सगळ्यात शेवटी बसते. मग होतं काय, रात्री दहाला टेम्पो येतो, जिन्यात टाईलचे तुकडे, दारात रेतीचा ढीग, पेंटरच्या बादल्या रस्त्यात, अख्ख्या हॉलला एक बल्ब, आणि त्यातून चार पोरं बारा एमएमचा दरवाजा घेऊन जाणार, पुढचा उलटा चालतोय, पायात स्लीपर. दिवसा काम करा म्हणाल तर एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, तापलेली काच घामाच्या हातात निसटते. म्हणजे दिवसा ऊन आणि रात्री अंधार, मधल्या मध्ये आम्ही.

पहिली गोष्ट वजनाची, कारण काचेतून आरपार दिसतं म्हणून लोकांना ती हलकी वाटते. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटर काच एक एमएम जाड असेल तर वजन अडीच किलो. म्हणजे बारा एमएम ला चौरस मीटरमागे ३० किलो, आणि आपल्या फुटाच्या भाषेत स्क्वेअर फुटाला पावणेतीन किलोच्या थोडं वर. तुमच्या शोरूमचा साधा ७ बाय ३ चा काचेचा दरवाजा धरा, हँडल आणि पॅच फिटिंग (दरवाजा धरणारे धातूचे तुकडे) सोडून नुसती काच ५८ किलो भरते. १९९८ च्या बांधकाम कामगारांच्या केंद्रीय नियमांत एका पुरुष कामगाराने एकट्याने उचलायची मर्यादा ५५ किलो दिलीये. म्हणजे तुमचा दार-दरवाजा पण एका माणसाचा माल नाही. आणि ८ बाय ४ ची बारा एमएम घेतली तर ८९ किलो, ती पण अशी की जिला धरायला कडेशिवाय काही नाही. सिमेंटची गोणी ५० किलोची असते पण ती खांद्यावर बसते, पडली तर फाटते, विषय संपला. काचेचं तसं नाही ना भो. तरी मालक विचारतात, दोन माणसं कशाला जास्तीची लावली बिलात?

आता सगळ्यात धोक्याचं, आणि हे मी जरा लांब लिहिणार आहे कारण कापलेल्या बोटापेक्षा हे जीवावरचं आहे. काच कापून माणूस मरतो असं सगळ्यांना वाटतं, पण उभ्या थराखाली चेंगरून माणूस जाईल याचा कोणी विचारच करत नाही. साईटवर काय करतात, भिंतीला एकामागे एक काचा टेकवून ठेवतात. मग मधलीच एक साईझ लागते. मिस्त्री म्हणतो, पुढच्या काचा जरा पुढे घे, हेल्पर त्या आपल्या छातीवर टेकवून धरतो, आणि मिस्त्री मागून पाहिजे ती ओढतो. पुस्तकाची पानं उलटावी तसं. पोरगं म्हणतं, काही नही व्हत भो, धरतो मी. आणि खरंच बऱ्याचदा काही होत नाही, कारण थर जोपर्यंत सरळ उभा आहे तोपर्यंत त्याचा भार जमिनीवर असतो, हाताला फारसं काही लागत नाही. पण तो सरळ रेषेच्या पुढे झुकला की खेळ बदलतो. १२ बाय ८ फुटी पाच एमएमच्या नऊ काचा म्हणजे हजार किलो झाले. आठ फूट उंचीचा हा थर वरच्या टोकाला साधारण आठ इंच पुढे आला, पाच अंश म्हणा, की धरणाऱ्याच्या छातीवर ऐंशी किलोचा दाब. अजून आठ इंच पुढे आला की एकशे साठच्या वर. आणि हे आठ इंच जायला एक सेकंद पण लागत नाही. जगातला कोणी पैलवान तिथे थांबवू शकत नाही, मागे पळायला जागा पण नसते कारण मागे तुमचा प्लायवूडचा ढीग असतो.

धुळ्याकडच्या एका साईटवर आमच्या ओळखीच्या पोराची मांडी अशीच मोडली, वाचला कारण मागे एक टेबल होतं आणि काचा त्यावर आडव्या अडकल्या. टेबल तिथे कोणी मुद्दाम ठेवलेलं नव्हतं, पीओपीवाला जेवायला बसायचा त्यावर. मालकाने दवाखान्याचा पहिल्या दिवसाचा खर्च केला आणि नंतर फोन उचलणं बंद.

त्यामुळे माझ्या पोरांना माझा कडक नियम आहे की मधली काच ओढायचीच नाही. पुढच्या काचा एकेक काढून दुसऱ्या स्टँडला लावायच्या, वेळ गेला तर जाऊ दे. आणि तुमच्याकडून यासाठी काय पाहिजे, तर फक्त जागा. तळमजल्यावर एक कोपरा, ज्यात दोन ए आकाराचे स्टँड बसतील, जमीन सपाट, खाली लाकडी पट्टी किंवा रबर, आणि समोर पोरांना मागे सरकायला सहा-सात फूट मोकळं. काच टेकवताना पण अंदाज पाहिजे, आठ फूट उंच काचेचा पाय भिंतीपासून आठ-दहा इंच पुढे असला की ती नीट रेलते, फार सरळ ठेवली तर दारातून आलेल्या वाऱ्याने किंवा कोणाच्या कोपराने पुढे येते, फार तिरकी ठेवली तर मधून वाकते आणि पाय सरकतो. वरून पट्टा किंवा दोरी बांधायची. तुमच्या सुपरवायझरला ही दोरी फालतू वाटते, परवा एकाने कपडे वाळवायला सोडून नेली, खोटं नाही सांगत.

टेम्पोचं पण बोलून घेतो. काच नेहमी उभी न्यायची, आडवी नाही, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. पण छोट्या हत्तीत मागे दोन पोरं बसवून काच हाताने धरायला लावणं अजून चालूच आहे. अमळनेर-चोपडा-धुळे कुठल्याही रस्त्याला बघा, मागे पोरं काचेला पाठ लावून बसलेली. अचानक ब्रेक लागला किंवा स्पीडब्रेकर चुकला की पोरगं आणि काच एकत्रच जाणार. काच धरायला स्टँड आणि बेल्ट असतो, माणूस नसतो. उतरवताना टेम्पो उतारावर उभा करू देऊ नका, एका बाजूची चाकं गटाराच्या कडेला आणि दुसरी रस्त्यावर, असा तिरका उभा राहिला की ज्या काचा पाच अंश मागे रेलल्या होत्या त्या सरळ होऊन बसतात, कधी पुढे पण येतात, आणि दोरी सोडली की थेट समोरच्याच्या अंगावर. दोरी सोडायच्या आधी थर कुठे रेललाय ते बघायचं. स्टँडच्या दोन्ही बाजूंनी काचा असतील तर एकदा इकडची, एकदा तिकडची अशा काढायच्या, एकच बाजू रिकामी केली तर अख्खा स्टँड उलटतो. हे सगळं गेटसमोर सपाट जागा मिळाली तर होतं, आणि ती जागा तुमच्या गाड्यांनी भरलेली असते.

पावसाळ्याचं वेगळंच, काचेच्या थरात ओल शिरली की दोन काचा एकमेकींना चिकटतात, एक ओढली की दुसरी पण निम्मी सोबत येते आणि मग सुटते. म्हणून स्लॅबखालीच ठेवा, ताडपत्रीचा भरवसा नको. उन्हात थर ठेवला तर साधी काच तापून तडकते ते वेगळं.

आता वारा. मे अखेरीस रावेर-यावलकडे वादळ येतं तेव्हा केळीचे बाग झोपतात हे आपण दरवर्षी बघतो. त्याच दिवसांत कोणीतरी दुसऱ्या मजल्यावर काच चढवत असतं. ताशी ३६ किलोमीटरचा वारा म्हणजे काही वादळ नाही, साधा जोराचा वारा, पण ८ बाय ४ च्या काचेवर तो अठरा-वीस किलोने ढकलतो. वेग दुप्पट झाला की ढकल चौपट, म्हणजे सत्तर-ऐंशी किलो, ८९ किलोची काच हातात असताना वरून. केळीचं पान फाटून वारा सोडून देतं, काचेला ते जमत नाही. त्यामुळे दुपारनंतर आभाळ भरून आलं आणि माझा फिटर म्हणाला की आज वर चढवत नाही, तर त्याच्याशी वाद घालू नका. तो टाळाटाळ करत नाहीये.

आणि दोराने ओढणं. कृपा करून हे बंद करा. बारदान गुंडाळून, सुताचा दोर बांधून काच बाहेरून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर ओढतात, खाली रस्ता चालू, पानटपरी चालू, लोकं वर बघत उभे. काचेची कच्ची कड दोराला करवतीसारखी घासते हे ओढणाऱ्याला दिसतच नाही, कारण तो वर असतो. वर न्यायचीच असेल तर रुंद पट्ट्याची स्लिंग, कडेला जाड रबर किंवा लाकडाचा गार्ड, नाहीतर क्रेन आणि काचेचा फ्रेम, आणि खाली चारी बाजूंनी रस्सी लावून माणूस उभा. क्रेनचं एका दिवसाचं भाडं तुम्हाला जड वाटतं हे मला मान्य आहे. मग दुसरा उपाय आर्किटेक्ट साहेबांच्या हातात आहे.

आर्किटेक्ट मंडळी, तुमच्यावर राग नाही, तुमच्यामुळेच आमचं काम चालतं. पण ड्रॉईंगमध्ये पहिल्या मजल्यावर जॉईंटशिवाय दहा फुटी काच दाखवताना ती जिन्याच्या लँडिंगवर वळेल का, हे एकदा मोजा ना. साडेतीन फुटी जिना, लँडिंगला वर बीम, तिथे ८ फुटी काच वळवायला पोरं ती डोक्याच्या वर तिरकी करतात, आणि साधी काच अशी आडवी-तिरकी झाली की स्वतःच्या वजनाने वाकून मधून मोडते, खाली माणसाचं डोकं. दोन पीस केले, मधे एक बारीक पट्टी आली तर शोरूमचं काही वाईट दिसत नाही. नाहीतर जिन्याची बाहेरची भिंत शेवटी बांधा, काच आधी आत घ्या. आणि टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच, लिहिलीय तिथे टफनच घेऊ द्या, माणूस धडकला तर साध्या काचेचे लांब सुरे होतात, टफनचे बारीक दाणे. मालक मात्र शेवटच्या मिनिटाला म्हणतो साधी टाका, फिल्म लावू वरून. टफन काच साईटवर कापता येत नाही, माप चुकलं तर नवीनच, म्हणून त्याला ती नको असते. माप चुकू नये याचा मार्ग फरशी फायनल झाल्यावर माप घेणं हा आहे, साधी काच टाकणं नव्हे. टफनचा पण एक स्वभाव आहे, सपाट अंगावर मार सोसते पण कोपरा नुसता टाईलवर टेकला की अख्खी काच खळकन खाली. तुमच्या चकाचक व्हिट्रीफाईड फरशीवर आम्ही जुनी पायपुसणी आणि पुठ्ठे अंथरतो ते बघून लोक हसतात, हसू द्या.

काच दुकानदार शेठ लोकांना पण दोन शब्द. सक्शन कप, म्हणजे काचेला चिकटवून ती उचलायचा रबरी कप, घेताना स्वस्तातला घेऊ नका, आणि घेतलाच तर त्यावर लिहिलेलं वजन तुमच्या काचेला पुरतं का बघा, उभ्या काचेवर कप सरकायचा धोका जास्त असतो. रबर उन्हात कडक होतं, त्याला बारीक चिरा पडल्या की फेकून द्या. काच आणि रबर दोन्ही पुसायचे, आपल्याकडे साईटवर धूळ किती असते ते सांगायला नको. पंपाचा कप असेल तर लाल पट्टी दिसायला लागली म्हणजे हवा शिरतेय, लगेच काच खाली टेकवायची. खडबडीत, डिझाईनच्या काचेवर किंवा तडा गेलेल्यावर कप लावायचाच नाही. हातमोजे कापडी पांढरे नकोत, ते फक्त बोटांचे ठसे वाचवतात, माणूस नाही. काचेचं काम करणाऱ्याला कटप्रूफ मोजे आणि मनगटाला गार्ड पाहिजे, कारण काच निसटली की तळव्यापेक्षा मनगटावर येते आणि तिथे रक्ताची मोठी नस असते. पायात बूट, स्लीपर नाही. उन्हाळ्यात पोरं बूट घालायला नको म्हणतात, खरंय, मला पण नको वाटतं, पण तरी.

उचलताना बोलणारा माणूस एकच पाहिजे. चार जण चार बाजूंनी ‘घे’, ‘थांब’, ‘वर’, ‘खाली’ ओरडतात त्यात मालकाचे भाचे पण असतात. आमच्याकडे ठरलंय की उचलायच्या आधीच रस्ता एकदा मोकळ्या हाताने चालून बघायचा, आणि कोणीही ‘सोड’ म्हटलं की सगळ्यांनी हात काढून मागे व्हायचं. पडणारी काच झेलायची नाही. हे पोरांच्या अंगवळणी पाडायला सगळ्यात जड जातं कारण त्यांना माहीत असतं की काच फुटली तर पगारातून कापतील. मग ते वाचवायला जातात. शेठ, तुम्ही एकदा सगळ्यांसमोर सांगून टाका की फुटलेली काच पगारातून जाणार नाही, अर्धे अपघात तिथेच टळतील असं माझं मत आहे.

कापलंच तर हळद, चहापत्ती, चुना, काही भरायचं नाही. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, हात वर, रुतलेला तुकडा ओढायचा नाही, तो असाच ठेवून आजूबाजूला दाबायचं आणि १०८ ला फोन. साईटवर एक पेटी ठेवा, त्यात पट्टी आणि स्वच्छ कापड जास्त ठेवा, बाकी गोळ्यांचं काम नाही.

आणि हे काँट्रॅक्टर लोकांसाठी. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या कामांच्या यादीत काच कापणे आणि काचेची तावदानं बसवणे हे काम स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी आमच्यातल्या बऱ्याच पोरांना वाटतं की नोंदणी फक्त गवंडी आणि बिगाऱ्याची होते. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम, एवढ्यावर नोंदणी होते. अडतं कुठे, तर ९० दिवसांच्या दाखल्यावर. काँट्रॅक्टर सही करत नाही, त्याला भीती वाटते उद्या माझ्यावर काही येईल. तुमच्या बांधकामाच्या खर्चावर एक टक्का सेस (उपकर) आहे, तो याच कामगारांसाठी आहे, मग सही करायला हात का जड होतो? ज्या पोराने तुमच्या दुकानाला काच लावली त्याचा दाखला द्या, बस.

तर आता या आखाजीसाठी थेट मागणं. माप फरशी झाल्यावर, उद्घाटनाच्या निदान महिनाभर आधी फायनल करा. काच येईल त्या दिवशी बाकीच्या कारागिरांना सकाळी सुट्टी द्या किंवा वरच्या मजल्यावर पाठवा. गेटपासून काचेच्या जागेपर्यंत रस्ता झाडून घ्या, चांगले लाईट लावा, टेम्पोला सपाट जागा ठेवा. चढवायचं काम सकाळी सहा ते दहा. जास्तीच्या माणसांची हजेरी बिलात दिसली तर ती कापू नका. हे जमत नसेल तर मुहूर्ताच्या दिवशी पुढच्या भागाला कापडाचा पडदा आणि झेंडूच्या माळा लावा, काच आम्ही आठवड्याने बसवतो. आमदार साहेब फीत कापणार आहेत, काच नाही.

ज्यांना या अटी मान्य आहेत त्यांनी मापाला बोलवावं, उन्हाळ्याची बुकिंग आता चालू आहे.

तुमचाच,
जळगावचा एक काचवाला